उदासीन म्हणजे उदास ना, बाई?

पहाटे साडेपाच

नोव्हेंबर सरत आला की जव्हारच्या डोंगरात पहाटेची थंडी हाडांत शिरते. वसतिगृहाच्या मागे मोठ्या चुलीवर पाण्याचं पातेलं चढलेलं असतं आणि चार-पाच मुली चुलीच्या उबेला उकिडव्या बसलेल्या असतात. जामसर परिसरातल्या एका निवासी शाळेत मी इंग्रजी शिकवते आणि आवारातल्याच एका खोलीत राहते. त्यामुळे माझा दिवस या चुलीपाशी सुरू होतो.

आजचा दहावीचा धडा मी आठ दिवस पुढे ढकलत आले आहे. पुस्तकात तो नाही, माझ्याच एका चुकीमुळे तो घ्यावा लागतोय. दिवाळीच्या सुट्टीआधी शहरातून काही पाहुणे आले होते. त्यांनी मुलांसाठी दप्तरं आणली होती, निळी आणि हिरवी. दहावीतल्या एका मुलीला त्यांच्यातल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुला कोणतं हवं? मुलगी धीटपणे, हसत म्हणाली, "आय डोन्ट केअर, मॅडम." त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्या हातात निळं दप्तर दिलं आणि पुढे सरकल्या. नंतर गाडीपाशी त्या सोबतच्या माणसाला म्हणाल्या ते मी ऐकलं: या मुलांना कशाचं काही वाटतच नाही.

मुलीला म्हणायचं होतं, कोणतंही चालेल. त्यासाठी तिला "आय डोन्ट माइंड" म्हणायला हवं होतं. पण जून महिन्यात मीच फळ्यावर दोन्ही वाक्यं एका ओळीत लिहिली होती आणि पुढे एकच अर्थ दिला होता: माझी हरकत नाही. तास संपत आला होता, मी उरकलं. 'माइंड'मध्ये समोरच्याचा मान राहतो. त्यात "तुम्ही निवडा, मला आनंदच आहे" असं असतं. 'केअर'ला नकार लागला की "तुझं काहीही होवो, मला काय त्याचं" असं होतं. एका शब्दाच्या फरकानं एक गुणी मुलगी उर्मट ठरली, आणि तिच्याबरोबर सगळी शाळाच.

चुलीपाशी हात शेकताना नॉनशलंट हा शब्द आठवला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'ऊबदार असणे' हे क्रियापद आहे. नॉनशलंट म्हणजे जो तापत नाही तो. आपणही थंड प्रतिसाद म्हणतो, त्याचं काम थंडच असतं म्हणतो. आस्था ऊब देते हे दोन्हीकडच्या माणसांना कळलं होतं. विस्तव ज्यांच्याकडे होता, त्या सगळ्यांनाच ते कळलं असणार.

सकाळी सात

न्याहारीला पोहे. वाढताना मी मुद्दाम कान देऊन असते. "आणखी घेणार?" "चालेल." "कमी पडले का?" "नाय, चालेल." "थंड झालेत का?" "चालेल, बाई."

आमच्या मुलांच्या तोंडी हा शब्द इतका असतो की नव्या शिक्षकाला वाटतं, यांना आवडनिवड नाही. आवडनिवड असते. पण घरी वारली किंवा कोकणा बोलणारी ही मुलं शाळेत येऊन पुस्तकी मराठी शिकतात, आणि त्या मराठीत सगळ्यात आधी त्यांच्या हाती लागतं ते कुणाला न दुखावणारं "चालेल". तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते तेव्हा हेच "चालेल" ती इंग्रजीत शोधतात. ते त्यांना नीट शोधून देणं हे माझं काम आहे.

नऊ वाजता

हजेरी. दिवाळीनंतर ती वाचताना माझा आवाज दर वर्षी खाली येतो. पाच नावांपुढे उत्तर नाही. त्यांतलं एक नाव निळ्या दप्तरवालीचं.

ज्या मुलीमुळे आजचा धडा घ्यायचा, तीच वर्गात नाही.

सव्वादहा

फळ्यावर तीन शब्द लिहिले: इनडिफरंट, अनइंटरेस्टेड, डिसइंटरेस्टेड.

इनडिफरंटची फोड सोपी आहे. डिफरन्स म्हणजे फरक, आणि इनडिफरंट म्हणजे ज्याला फरक पडत नाही तो. मुलं लगेच हो म्हणाली. हा शब्द एके काळी इंग्रजीत चांगला होता हेही सांगितलं. न्यायाधीश इनडिफरंट असावा असं सोळाव्या-सतराव्या शतकातली माणसं म्हणायची, म्हणजे वादी कोण आणि प्रतिवादी कोण यानं त्याला फरक पडू नये. पुढे शब्द घसरत गेला. आज एखाद्याचं गाणं इनडिफरंट म्हटलं तर ते बेताचंच होतं असा अर्थ होतो.

पुढचे दोन शब्द मात्र इंग्रज लोकसुद्धा एकमेकांत मिसळतात. सतराव्या शतकात तर या दोघांचे अर्थ आजच्या उलटही वापरले जायचे. इथे मराठी उपयोगी पडते, कारण इंग्रजीतल्या एका 'इंटरेस्ट'साठी आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. बँकेत तो व्याज होतो, गोष्टीत रस होतो आणि भांडणात हितसंबंध होतो. ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड. ज्याचा हितसंबंध नाही तो डिसइंटरेस्टेड.

मुलांचे चेहरे कोरेच होते, म्हणून कबड्डी काढली.

"सामन्याचा पंच कसा हवा?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आपल्या गावचा नको."

"का?"

"तो आपल्याला गुण देईल. मग भांडण."

"म्हणजे त्याचा हितसंबंध नको. तो डिसइंटरेस्टेड हवा. आणि त्याला खेळ बघायचाच नसेल, मोबाइल बघत उभा राहिला तर?"

"मग टच झालेला दिसणार नाय, बाई!" शाळेच्या संघातला चढाईवाला मुलगा बाकावरून उठूनच म्हणाला. त्याचा असा एक गुण मागे बुडाला आहे, आणि ते तो अजून विसरलेला नाही.

तो शब्द आता त्यांच्यापाशी कायमचा राहील असं मला वाटतं. पंचाला कुणाच्या जिंकण्याशी देणंघेणं नसावं, पण खेळाशी असावं. अनइंटरेस्टेड पंच नको आणि इंटरेस्टेडही नको. शब्दकोशात हे दोन शब्द शेजारी बसतात. मैदानावर त्यांच्या मधल्या अंतरात गुण बुडतात.

मग 'केअर'. हा एकच शब्द, त्याला तीन शेपट्या लागतात. केअरलेस म्हणजे निष्काळजी, जो विहिरीवर झाकण घालायचं विसरतो. केअरफ्री म्हणजे निश्चिंत, सुट्टीच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा. अनकेअरिंग म्हणजे ज्याला दुसऱ्याचं दुःख दिसतं तरी हलत नाही तो. तिघांनाही काळजी नाही, पण पहिल्याला रागवायचं असतं, दुसऱ्याकडे बघून बरं वाटतं आणि तिसऱ्यापासून मुलांना वाचवायचं असतं. "आय डोन्ट माइंड" आणि "आय डोन्ट केअर" मी या वेळी फळ्याच्या दोन टोकांना लिहिलं आणि मध्ये उभी रेघ मारली. जूनमध्ये मी चुकीचं शिकवलं होतं हेही सांगितलं. वर्ग शांत झाला. ते दप्तरांचं सगळ्यांच्या लक्षात होतं.

शेवटचा शब्द घेतला कॅलस. दगडासारखा निर्दय माणूस. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ आहे कडक झालेली कातडी. मी विचारलं, हाताला पडतो त्याला काय म्हणतात?

"घट्टा!"

दिवाळीची सुट्टी म्हणजे आमच्याकडे भाताची कापणी आणि झोडणी. वर्गातल्या निम्म्या हातांवर घट्टे होते. पहिल्या बाकावरच्या मुलानं तळहात पुढे केला. विळ्याची मूठ जिथे बसते तिथे, तर्जनीच्या खाली, पिवळट, जाड, चिंचोक्याएवढा घट्टा. त्यानं पेनाचं टोक त्यावर दाबून दाखवलं. "इथं कळतच नाय, बाई."

"आणि त्याच्या बाजूला?"

त्यानं पेन थोडं सरकवलं आणि हात झटकन मागे घेतला. "बाजूला जास्तच दुखतं."

इतकी वर्षं मी हा शब्द शिकवते. कॅलस माणसाची कातडी एकाच जागी, घासल्या गेलेल्या जागी जाड झालेली असू शकते, आणि तिच्या कडेला जिवंत मांस असू शकतं, हे मला या तळहातानं सांगितलं. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. घंटा झाली.

साडेबारा

जेवण झाल्यावर ग्रंथालयाच्या कपाटापाशी अर्धा तास मिळतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली, आणि मधे 1847 साली कँडीचा इंग्रजी-मराठी कोश. त्या माणसांनी इंग्रजी शब्दाला मराठी अर्थ शोधताना किती दारं ठोठावली असतील याचा विचार अशा दिवशी मनात येतोच.

आज अलूफ पाहिला. तो खलाशांचा शब्द आहे. जहाजाचं तोंड वाऱ्याच्या बाजूला धरा म्हणजे ते किनाऱ्यावर आपटणार नाही, अशी ती हाक होती. त्यातून अलूफ झाला, चार हात लांब राहणारा. त्या लांब राहण्यात तुच्छता नव्हती, फुटण्याची भीती होती. नव्या शाळेत आलेलं पाचवीतलं पोर भिंतीला टेकून उभं असतं ना, ते अलूफ. आमच्या जिल्ह्याला सातपाटी-डहाणूचा समुद्र आहे, पण या वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. हा शब्द सहलीसाठी राखून ठेवला.

दोन वाजता

कार्यालयात गैरहजर मुलांची माहिती संगणकावर भरायची. नेट आलं तर आलं. नववीतली एक मुलगी रजिस्टर घेऊन शेजारी बसून नावं वाचून दाखवते. प्रत्येक नावापुढे गैरहजेरीचं कारण निवडायचं असतं: आजारपण, स्थलांतर, पालकांची उदासीनता, इतर.

घरातलं कुणी गावात दिसलं की 'स्थलांतर' लिहायला आम्ही कचरतो. आजारपणाला कागद लागतो. 'इतर' निवडलं की खाली खुलासा लिहावा लागतो. म्हणून बोट आपोआप तिसऱ्यावर जातं. मी स्वतः ते किती वेळा दाबलं आहे याची गणती नाही. अशा कामाला इंग्रजीत परफंक्टरी म्हणतात, लॅटिन मूळ 'काम उरकून मोकळं होणे'. आपण म्हणतो पाट्या टाकणं. हा वाक्प्रचार ज्यांच्या कामावरून आला, ती माणसं खरोखर डोक्यावर पाट्या वाहत होती, हे तो वापरताना आपल्या लक्षात राहत नाही.

दहावीच्या त्या मुलीचं नाव आलं. बोट तिसऱ्या ओळीवर होतं. शेजारच्या मुलीनं पडद्यावरचं वाचलं आणि विचारलं, "उदासीन म्हणजे उदास ना, बाई?"

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "हो. तिचे बाबा उदासच असतात."

माझं बोट तिथेच थांबलं.

ती चुकली नव्हती. मराठीत उदास आणि उदासीन एकमेकांना इतके खेटून आहेत की मुलांनी घोटाळा करावा हे स्वाभाविक आहे. उदासीनचा मूळ अर्थ बाजूला बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उदासीन हा एक राजाच आहे, लढणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेरचा आणि बलवान. गीतेत तर तो योग्याचा गुण आहे. ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांनाही ॲपथी हवी होती, विकारांनी न हलणारं मन, म्हणून. दोन्हीकडे शब्द उंचावरून निघाला आणि कार्यालयाच्या रकान्यात येऊन पडला. बाजूला बसायचं हे ज्यानं स्वतः ठरवलं त्याच्यासाठी जो शब्द होता, तो आपण ज्याला बाजूला बसवलं गेलं त्याला लावतो. आणि वर म्हणतो, याला मुलीच्या शिक्षणाचं काही नाही.

पडदा तसाच ठेवून मी उठले. मुख्याध्यापकांना सांगितलं, पाड्यावर जाऊन येते.

साडेतीन

सोबत विज्ञानाच्या मॅडम होत्या. दीड तासाची वाट. भात कापून झालेल्या खाचरांत नुसते खुंट उरलेत, वरच्या उतारावर नागली-वरईची काढणी झालेली आणि खुरासणीचा पिवळा रंग कुठे कुठे अजून शिल्लक. पावसाळ्यात हीच वाट ओहोळ अडवतो. आता त्यात घोट्याएवढं पाणी होतं.

ओहोळ ओलांडताना तटस्थ आठवला. तटावर उभा असलेला. इंग्रजी न्यूट्रलपेक्षा मला हा शब्द जास्त खरा वाटतो, कारण त्यात नदी आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत याच जागी पाणी चढलं होतं आणि पलीकडे चौथी-पाचवीतली तीन पोरं अडकली होती. अलीकडे आम्ही मोठी माणसं उभी होतो. आम्ही तटस्थ दिसत होतो, पण दोर आणायला एक जण धावला होता आणि त्याची वाट बघत आम्ही मोठमोठ्यानं पोरांशी बोलत होतो, त्यांनी पाण्यात पाय घालू नये म्हणून. तटावर उभं असण्याचेही दोन प्रकार असतात. लांबून बघणाऱ्याला ते सारखेच दिसतात.

पाच वाजता

घर पाड्याच्या टोकाला. कारवीच्या कुडाच्या भिंती नुकत्याच शेणामातीनं लिंपलेल्या, बोटांचे अर्धगोल फराटे अजून ओलसर. खळ्यावर तिचे वडील शेवटचे भारे झोडत होते. तिची आजी सूप घेऊन बसली होती. मुलगी नव्हती, आई नव्हती.

"या, बाई," म्हणाले आणि हातातला भारा खाली ठेवला. आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. आजीनं पाणी दिलं.

मी सांगितलं: दहावीचं वर्ष आहे, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुलगी हुशार आहे, इंग्रजी तर वर्गात सगळ्यात चांगलं. ते खाली मातीकडे बघत ऐकत होते. चेहऱ्यावर काही हललं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बघू."

शहरातल्या त्या पाहुण्या बाई इथे असत्या तर त्यांनी त्यांचं वाक्य पुन्हा म्हटलं असतं. आणि खरं सांगते, पाच वर्षांपूर्वीची मी असते तर तेवढ्यावर उठले असते, परत जाऊन तिसरी ओळ दाबली असती. इंग्रजीत इम्पॅसिव्ह नावाचा शब्द आहे. आत काय आहे त्याबद्दल तो काहीच म्हणत नाही, चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच म्हणतो. इनडिफरंट आतल्याबद्दल बोलतो. माणसाच्या आतल्याबद्दल बोलायला आधी आत जावं लागतं.

मी उठले नाही. विज्ञानाच्या मॅडम आजीबरोबर सूप घेऊन पाखडायला बसल्या. बराच वेळ नुसता दाण्यांचा आवाज होता.

मग ते बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत बोलू लागले. भादव्यात घरातला दाणा संपला तेव्हा मुकादमाकडून उचल घेतली. उचल चार माणसांच्या हिशेबानं दिली: ते, त्यांची बायको, भाऊ आणि मुलगी. भट्टी भिवंडीकडे. भाव हजार विटांवर ठरलेला. दर आठवड्याला खर्ची मिळते तीही उचलीतच चढते. दिवाळी झाल्यावर सगळे गेले. हे चार भारे झोडायचे राहिले होते म्हणून ते तीन दिवसांसाठी आले होते. चार माणसं राबली तर उचल वैशाखात फिटते. तीनच राबली तर पावसाच्या आत फिटत नाही, आणि न फिटलेली उचल पुढच्या वर्षावर जाते. शिमग्याला सगळे गावी येतात, पण तोवर परीक्षा सुरू झालेली असेल.

"मी हे सगळं मोजलंय, बाई," म्हणाले. "तिच्या जागी कोण उभं राहील?"

त्यांच्या "बघू"मध्ये हे सगळं होतं. विचार करायचा राहिलेला माणूस बघू म्हणतो, आणि विचार करून करून ज्याच्यापाशी दुसरं उत्तर उरलं नाही तोही बघूच म्हणतो. माझ्याकडे त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. परीक्षेचा फॉर्म शाळेतून भरता येतो, तो मी भरते, एवढं म्हटलं. परीक्षेच्या दिवसांपुरतं तिला वसतिगृहात ठेवून घेण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोलते म्हटलं. आधी पंधरा दिवस मिळाले तर फार बरं होईल हेही म्हटलं. त्यांनी पंधरा दिवसही पेरांवर मोजले. हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत.

निघताना मी विचारलं, पुस्तकं तरी आहेत का तिच्यापाशी?

"दप्तर नेलंय तिनं," म्हणाले. "ते निळं. खाली ठेवत नाही. भट्टीवर सगळीकडे चिखल. झोपडीच्या आढ्याला टांगून ठेवते, माती लागू नये म्हणून."

परतताना मी पुन्हा एकदा त्या लिंपलेल्या भिंतीकडे पाहिलं. लिंपणं आणि अलिप्त एकाच धातूचे आहेत. ज्याला काही चिकटलेलं नाही तो अलिप्त. 1961 साली बेलग्रेडला ज्या देशांनी कुणाच्याच गटात जायचं नाही असं ठरवलं त्यांच्या चळवळीला आपण अलिप्ततेचंच नाव दिलं. तो मानाचा शब्द आहे. इंग्रजीत त्याच्या सर्वांत जवळचा डिटॅच्ड. त्या मुलीचं दप्तर भट्टीच्या चिखलात अलिप्त राहिलं आहे, तिनं रोज हात वर करून टांगल्यामुळे.

साडेसात

वसतिगृहात अभ्यासाचा तास. दिव्याखाली मुली पाठांतर करतात आणि मी वह्या तपासते. कुणीतरी विचारलं, "बाई, आय कुड केअर लेस आणि आय कुडन्ट केअर लेस, दोन्हीचा अर्थ एकच कसा?" पहिलं अमेरिकेत चालतं, नकार गळून पडला तरी अर्थ तोच राहिला, असं सांगितलं. तुम्ही नकार ठेवा, म्हटलं. परीक्षेत तरी.

आजच्या सगळ्या इंग्रजी शब्दांसमोर ठेवायला मराठीचा एकच निवडायचा तर मी सोयरसुतक निवडीन. घरात मूल जन्मलं की सोयर, माणूस गेलं की सुतक. दोन्ही फक्त नात्यातल्यांना लागतं. म्हणून ज्याला सोयरसुतक नाही, त्याला तिथल्या जन्माशीही काही नाही आणि मरणाशीही काही नाही. इंग्रजीतला कुठलाच शब्द इतका खोल जात नाही. ते ऊब, कातडी, फरक, किनारा यांवर थांबतात. मराठीनं अनास्थेचं मूळ नातं नसण्यात शोधलं.

आणि हा शब्द याच तालुक्यात उच्चारताना घसा दाटतो. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणानं मुलं दगावली. तेव्हा देशभर या गावांची नावं झाली. 2016 मध्ये शेजारच्या मोखाड्यातल्या खोचच्या बालमृत्यूनंतर पुन्हा तेच मथळे आले. मराठी वर्तमानपत्रांत शब्द होता अनास्था, इंग्रजीत ॲपथी. दोन्ही शब्द बरोबरच होते. पण मधल्या वर्षांत याच भागातल्या आयाबापांबद्दल कागदोपत्री जे लिहिलं गेलं त्यातही हेच शब्द असायचे: अज्ञान, उदासीनता. ज्यांना सुतक लागलं त्यांच्या नावापुढेही उदासीनता, आणि ज्यांना सोयरसुतक नव्हतं त्यांच्याही. एका शब्दानं दोघांना कसं मोजायचं? मला राग येतो तो याचा. भाषा शिकवणाऱ्या माणसाला याचा राग आलाच पाहिजे असं मी मानते.

सव्वानऊ

मुली झोपल्या. कार्यालयाचं कुलूप उघडून संगणक सुरू केला. नेट रात्री जरा बरं चालतं. दुपारचा पडदा पुन्हा उघडला. 'इतर' निवडलं. खुलाशाला शंभर अक्षरांची जागा होती. लिहिलं: वीटभट्टीची उचल चार जणांच्या हिशेबाची, मुलगी चौथी. वडिलांना भेटले. परीक्षेला बसवायचं आहे.

उरलेल्या चार नावांपुढे काहीच भरलं नाही. त्या घरांतही जायचं आहे. परवा आणि तेरवा.

मग एक मोठा लिफाफा घेतला. त्यात मागच्या तीन वर्षांच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका घातल्या, गणिताच्या सरांकडून घेतलेले दोन सराव संच घातले, आणि एका कोऱ्या कागदावर आजचा फळा उतरवला. एका टोकाला "आय डोन्ट माइंड", दुसऱ्या टोकाला "आय डोन्ट केअर", मध्ये उभी रेघ. खाली लिहिलं, हे मी तुला चुकीचं शिकवलं होतं. तुला पहिलं म्हणायचं होतं.

लिफाफा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्यानं बांधलं. तिचे वडील परवा सकाळच्या पहिल्या एसटीनं निघणार आहेत. पाड्यावर जाणारा एक मुलगा उद्या शाळेतून घरी जाणार आहे, तो हे त्यांच्या हातात देईल. मुलगा विसरू नये म्हणून पिशवी त्याच्या चपलेवर ठेवली.